मासा कोणाचा? तलाव, समुद्र आणि मासेमारीचा हक्क : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला नागपुरात तीन ठिकाणी विचारले जातात. पहिलं ठिकाण म्हणजे मच्छीमार सहकारी संस्थांच्या बैठका, दुसरं अर्थशास्त्राचे विद्यार्थी आणि तिसरं मंगळवारी बाजारातला मासळीचा ओटा, मासे साफ होईपर्यंत तिथे थांबावंच लागतं. तिन्हीकडचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे.

नागपूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. मासेमारीच्या हक्कांशी आपला काय संबंध?

पूर्व विदर्भ हा तलावांचा मुलूख आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा पट्टा इथे हजारो जुने तलाव आहेत. शिवाय तोतलाडोह, खिंडसी, वडगाव, गोसीखुर्द असे मोठे जलाशय आहेत. ढिवर, भोई, केवट, कहार या समाजांची पोटं या पाण्यावर चालतात. तरी नागपूरच्या बाजारातला बराचसा रोहू आणि कतला बर्फात बसून आंध्रातून येतो. पाणी आपल्याकडे आहे, पिढीजात कसब आहे आणि खाणारेही आहेत. मग मासा बाहेरून का येतो? त्याची कारणं अनेक आहेत. पण त्यातल्या एकाबद्दल क्वचितच बोललं जातं. ज्याच्या हातात जाळं आहे त्याच्या हातात पाण्याचा पक्का हक्क नाही. हे पान मी त्यासाठी लिहिलं.

मासा तर पोहत असतो. त्याच्यावर मालकी कशी सांगणार?

पोहणाऱ्या माशावर नाहीच सांगता येत. गाईच्या कानात बिल्ला घालता येतो, शेताला धुरा (बांध) घालता येतो, माशाला दोन्ही जमत नाही. म्हणून जगभर हक्क माशावर न देता दुसऱ्याच कशावर तरी दिला जातो. कुठे पाण्याच्या ठराविक तुकड्यावर, कुठे वर्षाला किती टन मासा धरायचा त्या वाट्यावर, तर कुठे किती होड्या आणि किती जाळी उतरवायची यावर. तलावाला पाळ असते, त्यामुळे तिथे पाण्याचा हक्क सोपा पडतो. खोल समुद्रातला मासा शेकडो मैल फिरतो, तिथे वाट्याचा हक्क बरा.

आणि हक्क कोणाचाच नसला तर काय बिघडतं?

आज मी लहान मासा सोडला, तर उद्या तो मोठा होऊन माझ्याच जाळ्यात येईल याची खात्री नसते. शेजारच्याच्या जाळ्यात तो आजच जाईल. मग मी का सोडू? प्रत्येक जण हाच शहाणपणाचा विचार करतो आणि सगळे मिळून तळं रिकामं करतात. कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ एच. स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ साली हे गणित नीट मांडलं. मोकळ्या पाण्यात नफा दिसला की नवी होडी उतरते, आणि सगळ्यांचा नफा शून्यावर येईपर्यंत होड्या उतरतच राहतात. होड्या वाढतात, कष्ट वाढतात, कमाई मात्र कोणाचीच वाढत नाही.

याचं सगळ्यात दुःखद उदाहरण त्यांच्याच देशातलं आहे. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर जवळपास ५०० वर्षं कॉड मासा धरला जात होता. तो इतका संपला की जुलै १९९२ मध्ये सरकारला मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. तिथे नियम नव्हते असं नाही. २०० सागरी मैलांचं क्षेत्र ताब्यात होतं, वर्षाची मर्यादाही ठरत होती. पण मर्यादा खरी किती असावी याचा अंदाज चुकला, आणि तो चुकतोय हे सांगणाऱ्या लहान मच्छीमारांच्या शब्दाला वजन नव्हतं.

अलास्कातल्या हॅलिबट माशाची गोष्ट वेगळी. तिथे एकूण मर्यादा पाळली जायची, पण आतला वाटा कोणाचाच ठरलेला नव्हता. मग जो आधी धरेल त्याचा. होड्यांची शर्यत लागली आणि हंगाम आखडत आखडत काही भागांत वर्षातून २४-२४ तासांच्या दोन-तीन फेऱ्यांवर आला. वादळ असलं तरी त्याच दिवशी निघायचं. सगळा मासा एकदम किनाऱ्यावर येणार, म्हणजे भाव पडणार आणि बाकीचा गोठवून ठेवावा लागणार. १९९५ साली प्रत्येकाचा वाटा ठरवून दिला, आणि तोच हंगाम जवळपास आठ महिन्यांचा झाला. ताजा मासा बाजारात येऊ लागला, आणि वादळात होडी काढण्याची सक्ती राहिली नाही.

सामाईक मालमत्ता म्हणजे नासाडी ठरलेलीच, असं पुस्तकात आहे. ते बरोबर का?

गॅरेट हार्डिन यांच्या १९६८ च्या लेखापासून ही समजूत पसरली. पण सामाईक आणि मोकाट यांत फरक आहे. मोकाट पाण्यात कोणीही उतरतो. सामाईक पाण्याला मालक असतात, फक्त ते अनेक असतात आणि त्यांचे आपसात नियम असतात. हा फरक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची उदाहरणं गोळा करून दाखवला आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्यांनी सांगितलेलं तुर्कस्तानातल्या अलान्या गावचं उदाहरण मला फार आवडतं. मच्छीमारांनी जाळी लावायच्या सगळ्या जागांची यादी केली. दर सप्टेंबरला चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याला जी जागा निघेल तिथून तो सुरुवात करणार आणि रोज एकेक जागा पूर्वेला सरकणार. जानेवारीनंतर उलट, पश्चिमेला. चांगली जागा सगळ्यांच्या वाट्याला येते. नियम मोडला तर ज्याची त्या दिवशी ती जागा असेल तोच आधी बोंब मारतो, वेगळा पहारेकरी लागत नाही. आपल्याकडे केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, पुलिकत सरोवरात ‘पाडू’ नावाची अशीच पाळीची पद्धत आहे.

आपल्या भाषेत ‘तळे राखी तो पाणी चाखी’ असं म्हणतात. हल्ली ते लाचखोरीसाठी वापरतात, पण मला त्याचा सरळ अर्थ जास्त पटतो. राखणाऱ्याला चाखायला मिळणार असेल, तरच तो राखतो.

कोटा कोटा म्हणतात तो नेमका काय असतो?

शास्त्रज्ञ साठ्याचा अंदाज घेतात आणि त्यावरून यंदा किती टन धरायचे ते सरकार ठरवतं. त्या एकूण आकड्यातला टक्केवारीचा वाटा प्रत्येक मच्छीमाराला किंवा कंपनीला मिळतो. वाटा विकता किंवा भाड्याने देता येत असेल तर त्याला हस्तांतरणीय वैयक्तिक कोटा म्हणतात. न्यूझीलंडने १९८६ साली ही पद्धत आणली. सुरुवातीला वाटा थेट टनांत दिला होता. साठा कमी निघाला की सरकारला पैसे मोजून कोटा परत घ्यावा लागे. १९९० पासून तो टक्क्यांत केला. बदल छोटा वाटतो, पण आता साठा वाढला तर वाटेकऱ्याचा फायदा आणि घटला तर त्याचंच नुकसान. त्यामुळे जास्त धरू द्या म्हणणारा मच्छीमारच कधी कधी यंदा कमी धरू या असं म्हणू लागला.

याने मासे खरंच वाचतात, याला काही पुरावा?

२००८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात कोस्टेलो, गेन्स आणि लिनहॅम यांचा अभ्यास आला. त्यात ११,१३५ ठिकाणच्या मासेमारीची १९५० ते २००३ ची आकडेवारी तपासली. त्यांपैकी १२१ ठिकाणी असे कोटे होते, आणि तिथे साठा कोसळण्याचं प्रमाण इतरांच्या निम्मं होतं. पण जिथे कोटे आले तिथे शास्त्रीय मोजणी आणि देखरेखही चांगली होती, हेही लक्षात ठेवा. नुसता कागद मासा वाचवत नाही.

मग सगळे कोटे बड्या कंपन्यांच्या घशात जात नाहीत का?

जातात. ही भीती खोटी नाही आणि ती उडवून लावणाऱ्यांशी माझं पटत नाही. आइसलँडमध्ये १९८४ पासून होड्यांना त्यांच्या आधीच्या मासेमारीच्या हिशेबाने कोटा दिला आणि १९९० च्या कायद्याने तो खुला विकता येऊ लागला. साठा सावरला, धंदा नफ्यात आला. पण ज्यांना पहिल्या वाटपात फुकट मिळालं ते मालक झाले, आणि नंतर आलेल्या तरुणाला त्यांच्याकडून विकत किंवा भाड्याने घ्यावं लागलं. काही किनाऱ्यावरच्या गावांतून कोटाच निघून गेला. दोन मच्छीमारांच्या तक्रारीवर संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २००७ साली ही पद्धत भेदभाव करणारी असल्याचं मत दिलं.

न्यूझीलंडमध्ये कोटा वाटताना तिथल्या मूळनिवासी माओरी लोकांचे जुने हक्क विसरले गेले. त्यांनी कोर्टात लढा दिला आणि १९९२ च्या करारात त्यांना मोठ्या मासेमारी कंपनीतला अर्धा हिस्सा आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक नव्या जातीच्या कोट्यातले २० टक्के मिळाले.

चिलीने १९९१ च्या कायद्याने वेगळी वाट धरली. लोको नावाच्या समुद्री गोगलगायीची लूट झाली होती. तिथे किनाऱ्यालगतच्या समुद्राचे तुकडे मच्छीमारांच्या नोंदणीकृत संघटनांना दिले, व्यक्तींना नाही. आपल्या तलावांसाठी मला आइसलँडपेक्षा चिली जवळचा वाटतो. हक्क पक्का हवा, पण तो गावाच्या बाहेर विकला जाऊ नये.

आमच्या गावात ‘मामा तलाव’ आहे. तो आधी कोणाचा होता?

‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजांच्या काळात, जो तलाव बांधेल त्याला त्याखालच्या जमिनीत सवलत, अशा धोरणातून यांतले बरेच तलाव झाले. कोहळी समाज या कामात वाकबगार होता. पुढे इंग्रजी अमलात ते मालगुजारांच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, नावावर आले. मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायदा, १९५० आला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. तेव्हा नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. तलाव सरकारजमा झाले. शेतकऱ्यांचा सिंचनाचा निस्तार हक्क, म्हणजे रूढीने चालत आलेला वापराचा हक्क, कागदावर टिकला.

मालगुजार गेला याचं दुःख करायचं कारण नाही, ती व्यवस्था अन्यायाची होती. पण त्याच्यासोबत पाळ दुरुस्त करणारा, गाळ काढायला लावणारा, पाण्याच्या पाळ्या ठरवणारा माणूसही गेला. त्याच्या जागी मासे धरणाऱ्या ढिवराला मालक करायला हवं होतं. ते झालं नाही. तलाव सिंचनाच्या वहीत गेला, मासा ठेक्याच्या वहीत गेला, आणि तलाव म्हणून त्याच्याकडे पाहणारं कोणी उरलं नाही.

आमच्या संस्थेकडे तलावाचा ठेका आहे. तोच हक्क नाही का?

हा प्रश्न संस्थांच्या बैठकीत प्रत्येक वेळी येतो. माझं उत्तर असं की ठेका हा हक्काचा एक तुकडा आहे, आणि तोही पातळ.

रामटेककडच्या एका संस्थेचं पाहिलेलं सांगतो. ठेक्याची मुदत संपायला काही महिने उरले होते. पुढचा ठेका आपल्यालाच मिळेल की नाही, याची शाश्वती नव्हती. सभासदांनी बारीक आसाची जाळी उतरवली आणि पाव-पाव किलोचे रोहू बाहेर काढले. मी विचारलं, “असं का करता?” एक म्हातारे सभासद म्हणाले, “भाऊ, पुढच्या वर्षी तलाव कोनाचा, काय मालूम? सोडले तं दुसराच खाईन.” गॉर्डन यांचा सिद्धांत त्या काकांनी एका वाक्यात सांगितला. मुदत संपत आली की ठेक्याचा तलावही मोकाट तलाव होतो.

म्हणून मी तीन गोष्टी पाहायला सांगतो. एक, मुदत किती आणि चांगलं काम केलं तर नूतनीकरण आपोआप मिळतं का. दोन, दुसऱ्याला थांबवता येतं का. रात्री चोरटं जाळं पडलं, कोणी पाण्यात जहर टाकलं, तर तक्रारीची दखल घेतली जाते का? (जहर टाकून किंवा स्फोट करून मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्योद्योग कायद्यापासून गुन्हा आहे.) आणि तीन, पाण्याबद्दल तुमचा शब्द चालतो का. उन्हाळ्यात सिंचनासाठी तलाव तळाला लागेपर्यंत उपसला, तर ठेका तुमचा असूनही मासा मरतो आणि ठेक्याची रक्कम तुम्हीच भरता. हा सगळ्यात दुखरा भाग आहे. किमान किती पाणी राखायचं हे ठेक्याच्या कागदात आलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक. संस्था नावापुरती ढिवरांची आणि मागे पैसा लावणारा व्यापारी, असं जिथे आहे तिथे हक्क कोणाच्या हातात आहे हे वेगळं सांगायला नको. सभासद त्याच्याकडे किलोमागे मजुरी घेतो. मजुराला मासा वाढवण्यात रस का असेल?

रोहू-कतला आणि मरळ, दोन्हींना एकच नियम चालेल का?

नाही. रोहू, कतला, मृगळ हे वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी घालणारे मासे. साचलेल्या तलावात ते वाढतात, पण विणत नाहीत. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प मासे विणवले, तेव्हापासून मत्स्यजिरे (माशांची नुकती निघालेली पिल्लं) केंद्रात तयार होऊ लागले. त्याआधी बीज नद्यांतून गोळा करावं लागे. म्हणजे तलावातला रोहू हा पेरलेल्या पिकासारखा आहे. बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकत आणून सोडणाऱ्याचा त्यावर हक्क आहे, हे कोणालाही पटतं.

मरळ तशी नाही. ती तलावातच विणते, काठच्या गवतात अंडी घालते आणि पिल्लांची राखण करते. तिला बीज नको, विसावा हवा. पावसाळ्यात काही दिवस जाळं बंद आणि काठची वनस्पती शाबूत, एवढं पुरतं. पण हा विसावा सगळ्यांनी मिळून पाळावा लागतो. एकाने मोडला की संपलं. भंडारा-गोंदियात काही ढिवर गटांनी, त्यात बायका पुढे होत्या, बेशरम नावाचं तण उपटून तलावात देशी पाणवनस्पती लावल्या आणि देशी मासे परत आणले. त्यांना उद्या ठेका मिळाला नाही तर त्या कष्टांचं मोल कोणाकडे जाईल, हा विचार मला अस्वस्थ करतो.

तोतलाडोहमध्ये मासेमारीचा वाद आहे. तिथे कोणाचा हक्क?

पेंच नदीवरचा हा जलाशय महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशच्या सीमेवर, राष्ट्रीय उद्यानाच्या आत आहे. मध्य प्रदेशने उद्यानातून उठवलेल्या ३०५ आदिवासी कुटुंबांना मासेमारीचे परवाने दिले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९७ च्या निकालात न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत, अटी घातल्या. फोटोचं ओळखपत्र, येण्याजाण्याची आणि मासळीची नोंद, काठावर चूल पेटवायची नाही. जंगल वाचायला हवं हे मी मानतो. पण घर उठवलेल्या माणसाचा हक्क ही सरकारची मेहेरबानी नाही, हेही त्या निकालातून वाचता येतं. आणि नावनिशीवार परवाना असला की कोण आत आहे हे कळतं. सरसकट बंदीत मासेमारी रात्रीची होते आणि कोणाला काहीच कळत नाही.

शहराचं सांडपाणी तलावात, नदीत जातं. मासेमारीचा हक्क तिथे काही कामाचा?

सगळ्यात जास्त तिथेच कामाचा. इंग्लंडमध्ये नदीतल्या मासेमारीचा हक्क ही खाजगी मालमत्ता असते आणि गळ टाकणाऱ्यांचे क्लब ती विकत किंवा भाड्याने घेतात. डर्बी शहरातल्या अशाच एका संघटनेने एका कापड-रसायन कंपनीवर, सरकारी वीज मंडळावर आणि चक्क डर्बीच्या नगरपालिकेवर दावा केला. कारण नगरपालिकेचं सांडपाणी डरवेंट नदीत जाऊन मासे मरत होते. लोकसंख्या वाढली, आम्ही काय करणार, असा नगरपालिकेचा बचाव होता. अपील न्यायालयाने १९५२ साली संघटनेच्या बाजूने मनाई हुकूम कायम ठेवला.

आता नाग नदी डोळ्यांपुढे आणा. आपल्या घरांचं सांडपाणी घेऊन ती कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात थांबतं. तिथे जाळं टाकणाऱ्या भोई-ढिवरांचं नुकसान होतं. पण पाण्यावर त्यांचा मोजता येईल असा हक्क नसल्याने नुकसान कोणाचं, हेच सिद्ध करताना दमछाक होते. हक्काचा कागद असता तर ते नागपूरला जाब विचारू शकले असते. आपण नागपूरकरांनी हे ऐकून घेतलं पाहिजे.

कोकणच्या समुद्रातही असे कोटे आहेत का?

नाहीत. तिथे १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा आहे आणि १ जून ते ३१ जुलै अशी पावसाळी बंदी असते. होडी, जाळं आणि काळ यांवर बंधनं आहेत, किती टन पकडायचं यावर नाहीत. एका जाळ्यात पन्नास जातींचे मासे येणाऱ्या समुद्रात जातवार कोटा राबवणं अवघडच आहे.

वनहक्क कायद्यात माशांचं काही आहे का?

आहे, आणि फार थोड्या संस्थांना ते माहीत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये जलाशयांतले मासे आणि इतर उपज यांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिला आहे. मात्र तलाव वनजमिनीवर असावा लागतो. ढिवर समाज महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत नाही, त्यामुळे ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. दावा ग्रामसभेपासून सुरू होतो. गाव अनुसूचित क्षेत्रात असेल तर पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या) कायद्याने लहान जलसाठ्यांचं नियोजनही पंचायतीकडे येतं.

आमच्या तलावाची सुरुवात कुठून करू?

आधी तलाव कोणाच्या नावावर आहे ते सातबाऱ्यावर पाहा. जिल्हा परिषद, पाटबंधारे, वन की ग्रामपंचायत, यावर पुढचं सगळं ठरतं. मग गावचं निस्तारपत्रक (गावकऱ्यांच्या वापरहक्कांची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या नकला मागा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे वाजिब-उल-अर्जात गावच्या रूढी नोंदवायच्या असतात. जे पाणी सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या ताब्यात नाही, त्यातल्या मासेमारीची रूढीही त्यात येते. संस्थेचा ठेका करारनामा पूर्ण वाचा, विशेषतः नूतनीकरणाचं कलम. तलावात काय सोडावं, किती सोडावं यासाठी नागपूरचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथे जाऊन विचारा. आणि अभिलेखाच्या खोलीत जाताना गावातल्या एका म्हाताऱ्या ढिवराला सोबत न्या. तलावाचं जुनं नाव त्यांनाच ठाऊक असतं, आणि जुना कागद त्याच नावाने सापडतो.